‘पिक्चर बघायला एम.ए. करतेस का?’

पत्र : मी एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शोधप्रकल्पासाठी ‘मराठी साहित्यकृती आणि चित्रपट’ असा विषय मनात धरलाय. ‘श्यामची आई’, ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’, ‘नटरंग’ आणि ‘शाळा’ ही पाच पुस्तकं आणि त्यांच्यावरचे पाच चित्रपट घेतलेत. विभागातल्या एका सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘सिनेमा हे साहित्य आहे का? आधी ते सिद्ध करा, मग पुढचं बोलू.’ मला उत्तर देता आलं नाही. घरी बाबांचं वेगळंच, ‘पिक्चर बघायला एम.ए. करतेस का?’ चाळीस पानं लिहून झालीत, पण वाचताना वाटतं की नुसत्या गोष्टीच सांगितल्यात. कादंबरीत हे आहे, चित्रपटात हे नाही, एवढंच. आमच्याकडे फिल्म सोसायटी वगैरे काही नाही, सिनेमे मोबाइलवर बघते. विषय बदलू का? की हे सगळं सोडून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची तयारी करू?
– एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : विषय बदलू नकोस. ती चाळीस पानं मात्र बाजूला ठेव. त्यांचं काय चुकलंय ते तुझं तुलाच कळलंय, तेव्हा त्यावर जास्त बोलत नाही.

सरांनी चारचौघांत विचारलं म्हणून तुला ते लागलं असणार. पण त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणून सिद्ध करायला जाशील तर फसशील. कारण मग तू म्हणणार, सिनेमातही कथानक असतं, पात्रं असतात, संघर्ष असतो, आशय असतो. सगळं खरं. पण हे सगळं सिनेमा न बघता, कुणाकडून गोष्ट ऐकूनसुद्धा लिहिता येतं. तुझ्या चाळीस पानांचं नेमकं तेच झालंय. सिनेमाला साहित्याच्या पंगतीला बसवायच्या नादात त्यातला सिनेमाच बाहेर राहिला.

सरांना सांग की सिनेमा म्हणजे साहित्य असा माझा दावाच नाही. कथा-कादंबरी बारकाईनं वाचायला तुम्ही जसं शिकवलंत, तसा सिनेमा वाचता येतो का, आणि वाचताना ती पद्धत कुठे तोकडी पडते, ते मला शोधायचंय. हा प्रश्न मराठी विभागातच विचारण्याजोगा आहे. आणि नाटकाची आठवण करून दे. नाटक आपण बी.ए.पासून साहित्यप्रकार म्हणून शिकतो. ते रंगभूमीसाठी लिहिलेलं असतं, पण वर्गात प्रयोग कुणी दाखवत नाही, संहिता वाचून भागवतात. सिनेमाच्या बाबतीत ही सोय नाही. पटकथा छापलेली मिळाली तरी ती म्हणजे सिनेमा नव्हे. तिचा अभ्यासही व्हायला हवा. विजय तेंडुलकरांनी ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’, ‘निशांत’, ‘आक्रोश’, ‘अर्धसत्य’ अशा पटकथा लिहिल्या, तरी त्यांच्यावर लिहिणारे नाटकांना प्रकरणं देतात आणि पटकथांना परिच्छेदात उरकतात, हे मला कायम खटकत आलंय. पण तो वेगळा प्रकल्प, दुसऱ्या कुणाला तरी सुचव.

मराठीत या दोघांचं नातं इतकं जुनं आहे की सरांनाही त्यावर बोलायला आवडेल. १९३६च्या ‘संत तुकाराम’मधलं ‘आधी बीज एकले’ अनेक जण आजही तुकोबांचा अभंग म्हणून म्हणतात. तो शांताराम आठवले यांनी त्या चित्रपटासाठी लिहिला होता. पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीनं ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून ‘कुंकू’ काढला. त्यात दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत ठेवलंच नाही, जे ऐकू येतं ते घरातलं आणि रस्त्यावरचं. नायिकेच्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या, काकासाहेबांच्या घरातलं ते जुनं घड्याळ कादंबरीतल्या कोणत्या वाक्यासाठी आलं, असं विचारून बघ. उत्तर सापडणार नाही, कारण ते वाक्य पडद्यावरच पहिल्यांदा लिहिलं गेलं. राष्ट्रीय पुरस्कार १९५४ साली सुरू झाले तेव्हा राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं ते ‘श्यामची आई’ला, म्हणजे साने गुरुजींच्या पुस्तकावर आचार्य अत्र्यांनी काढलेल्या चित्रपटाला. आणि २०१५चा मराठीसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार अरुण खोपकर या चित्रपट दिग्दर्शकाच्या ‘चलत् चित्रव्यूह’ला होता. हे सगळं सरांना गप्पांच्या ओघात सांग, पुराव्यासारखं तोंडावर मारू नकोस.

आता खरं काम. पाच पुस्तकं आणि पाच चित्रपट शोधप्रकल्पात मावत नाहीत. कोंबले तर प्रत्येकाचं सारांशलेखन होतं. दोन घे. माझं मत ‘शाळा’ आणि ‘सिंहासन’ यांना. आणि दोन्हींना एकच प्रश्न विचार : सांगतंय कोण?

कादंबरी हातात घेतली की हा प्रश्न तू सवयीनं विचारतेस. निवेदक प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी, त्याला किती ठाऊक आहे, तो कुणाच्या बाजूनं आहे, हे सगळं तुला शिकवलेलं आहे. सिनेमा लागला की मात्र आपण धरून चालतो की तिथे सांगणारं कुणी नाहीच, सगळं आपसूक घडतंय आणि आपण ते बघतोय. तसं कधीच नसतं. कॅमेरा कुठे ठेवायचा, कधी कट करायचा, कुणाचा चेहरा दाखवायचा आणि कुणाचा दाखवायचा नाही, हे कुणीतरी ठरवलेलं असतं.

‘शाळा’पासून सुरुवात कर. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीत मुकुंद जोशी स्वतः सांगतो. नववीतला मुलगा, आणीबाणीचा काळ, आणि भाषा अगदी त्या वयाची. कादंबरीभर आपण त्याच्या डोळ्यांनी शिरोडकर या त्याला आवडणाऱ्या मुलीकडे बघतो. पण मुकुंद स्वतः कसा दिसतो? तिच्याकडे बघताना त्याचा चेहरा कसा होतो? ते आपल्याला बाहेरून कधी दिसत नाही, कारण सांगणाऱ्याला आपला चेहरा दिसत नसतो. सुजय डहाके यांच्या चित्रपटात पहिल्या काही मिनिटांतच हे उलटं होतं. आता मुकुंद आपल्यासमोर उभा आहे. शिरोडकरकडे बघावं तसंच शिरोडकरकडे बघणाऱ्या मुकुंदकडेही आपण बघू लागतो. कादंबरीतला ‘मी’ पडद्यावर ‘तो’ झाला. तुझ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य म्हणून हे चालेल. मग पुढचे प्रश्न आपोआप येतात. हरवलेला तो ‘मी’ दिग्दर्शक कुठे कुठे परत मिळवू बघतो? कॅमेरा मुकुंदच्या जागी नेमका कधी जाऊन बसतो? त्याच्या मनातलं कानावर येतं की चेहऱ्यावरच भागवलंय? मुकुंद हजरच नाही असं एखादं दृश्य आहे का? असेल तर ते कोण सांगतंय? आणि आणीबाणीचं त्याला जे अर्धवट कळत होतं, ते आपल्याला त्याच्याइतकंच कळतं की जास्त?

‘सिंहासन’ अवघड आहे, म्हणून जास्त मजेचा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या मिळून जब्बार पटेलांचा १९७९चा हा चित्रपट झाला. माणसांची ही गर्दी : मुख्यमंत्री जिवाजीराव, त्यांच्या खुर्चीवर डोळा असलेले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, कामगारपुढारी डिकास्टा आणि त्यांच्याभोवती फिरणारी अख्खी मुंबई. अशा राजकीय कादंबरीत निवेदकाला एक सोय असते. तो कुणाच्याही मनात शिरतो, दोन ओळींत बाहेर येतो, जाता जाता स्वतःचा शेराही मारतो. चित्रपटात तो शेरा कुणी मारायचा?

इथे दिगू टिपणीस या पत्रकाराकडे बघ. हे काम निळू फुल्यांनी केलंय. ज्यांच्या नुसत्या नजरेनं प्रेक्षकातल्या बायका बोटं मोडायच्या, तोच नट इथे बहुतेक वेळ ऐकतो आणि बघतो. बोलणारे दुसरेच असतात आणि मध्येच दिगूचा चेहरा येतो. मला वाटतं, कादंबरीकाराची टिप्पणी त्या चेहऱ्यावर जाऊन बसली आहे. आणि शेवटी, सत्तेचा सगळा खेळ बघून झाल्यावर, हाच दिगू रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. म्हणजे ज्याच्या नजरेवर आपण विसंबलो होतो, त्या साक्षीदाराचंच भान सुटतं. कादंबरीत असा निवेदक हसत सुटला असता तर वाचकाचं काय झालं असतं, याचा विचार कर. माझं हे म्हणणं तुला पटलंच पाहिजे असं नाही. नाही पटलं तर तसं लिही, फक्त कोणत्या दृश्याच्या आधारावर ते सांग.

‘श्यामची आई’ सोडवतच नसेल तर दोन-तीन पानांची पुरवणी जोड. त्या पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री बसून गोष्ट सांगतो, ऐकणारे समोर आहेत. चित्रपटात त्या रात्रींचं आणि त्या ऐकणाऱ्यांचं काय झालं, एवढंच शोध. ‘जैत रे जैत’मध्ये गो. नी. दांडेकरांची गोष्ट ना. धों. महानोरांची गाणी पुढे नेतात, तो मोह मला कळतो, पण गाण्यांवर नीट लिहायचं तर संगीताची वेगळी तयारी हवी. ‘नटरंग’ गाळ. तोंडी परीक्षेत सगळे अजय-अतुलच्या संगीतावरच बोलत बसतील आणि कादंबरीकार आनंद यादव राहून जातील.

एक पथ्य सांगते आणि ते कडक पाळ. ‘चित्रपटानं मूळ कादंबरीला न्याय दिला आहे’ किंवा ‘दिलेला नाही’ हे वाक्य प्रकल्पात एकदाही येता कामा नये. माध्यमांतरावरचं, म्हणजे पुस्तकाचा चित्रपट होण्यावरचं आपल्याकडचं निम्मं लेखन या एका वाक्यात अडकून पडलंय. बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या ‘पथेर पांचाली’ या बंगाली कादंबरीत अपू आणि दुर्गा ही भावंडं आगगाडी बघायला निघतात, वाट चुकतात, गाडी काही दिसत नाही. पुढे आजारपणात दुर्गा भावाला विचारते की मला एकदा रेल्वे दाखवशील का. सत्यजित राय यांच्या १९५५च्या चित्रपटात गाडी येते. काश गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांमागून काळा धूर सोडत येते. न्यायाची फूटपट्टी लावली तर रायनी कादंबरीतली एक फार हळवी जागा घालवली. पण दृश्य पुन्हा बघ. धावता धावता दुर्गा अडखळते आणि मागे राहते. रुळांपर्यंत पोचतो तो अपू. कादंबरीनं जे गाडी न दाखवून साधलं, ते चित्रपटानं गाडी दाखवून साधलंय, आणि दुर्गा दोन्हीकडे वंचितच राहते. ‘बदल केला’ एवढं लिहून थांबलीस तर यातलं काहीच हाती लागणार नाही.

याच चित्रपटात या मुलांचा बाप हरिहर परगावाहून घरी येतो. दुर्गा गेल्याचं त्याला माहीत नाही. तिच्यासाठी आणलेली साडी तो तिच्या आईच्या, सर्वजयाच्या हातात देतो आणि सर्वजयाचा बांध फुटतो. तोंड उघडलेलं दिसतं, पण तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, त्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचा चढा सूर येतो. आता याला काय म्हणशील? उपमा नाही, प्रतीक म्हणावं तर तेही पुरत नाही. आपल्या साहित्यशास्त्रातला एकेक शब्द लावून बघ. कुठलाही नीट बसला नाही की तिथे थांब आणि तिथूनच लिहायला घे. सरांना हवं असलेलं उत्तर अशाच जागी मिळेल.

हे हाताशी यायला रोजचं काम लागतं. चित्रपट एकदा अख्खा बघ, हातात पेन न घेता. मग प्रत्येकातली तीनच दृश्यं निवड. त्यांतलं एक दृश्य आवाज बंद करून बघ. मग मोबाइल पालथा ठेव आणि तेच नुसतं ऐक. मग वही घेऊन शॉटगणिक नोंद कर : चौकटीत कोण आहे, किती जवळून आहे, कॅमेरा कुणाच्या उंचीवर आहे, हलतोय की स्थिर आहे, आवाज चौकटीतून येतोय की बाहेरून, आणि कट नेमका कोणत्या शब्दावर झाला. तीन मिनिटांच्या दृश्याला अख्खी दुपार जाईल, जाऊ दे. पद्यातल्या यतीच्या, म्हणजे थांब्याच्या जागा शोधताना जे करतो त्याहून हे फार निराळं नाही. नोंद झाली की प्रत्येक कटाला विचार, इथेच का? एक शब्द आधी का नाही? निम्म्या वेळा उत्तर मिळणार नाही. मिळालेल्या उत्तरांचं प्रकरण होतं.

सरावासाठी एक दृश्य सुचवते. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवरून, तेंडुलकरांच्या पटकथेवर, गोविंद निहलानींनी १९८३ साली ‘अर्धसत्य’ हा हिंदी चित्रपट केला. चित्रपटाचं नाव दिलीप चित्रे यांच्या कवितेचं. पोलीस सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर त्याची मैत्रीण ज्योत्स्ना हिच्यासमोर बसून ती कविता पुस्तकातून मोठ्यानं वाचतो. ओम पुरी सुरुवात अगदी सहज करतात, वाचायला दिलंय म्हणून वाचल्यासारखी. चक्रव्यूहाच्या त्या ओळी पुढे सरकतात तसा आवाज जड होत जातो, कारण कविता आपल्याबद्दल आहे हे त्या माणसाला वाचता वाचताच कळतंय. समोर स्मिता पाटील ऐकतेय. पुस्तकात ही कविता कुणाचीही असते, तू वाचलीस तर तुझी. इथे ती एका विशिष्ट माणसाच्या तोंडी आहे, त्याच्या मनावर खाकी वर्दीचं ओझं आहे, आणि एक विशिष्ट बाई ती ऐकतेय. वर्गात ही कविता शिकवायची झाली तर तू काय सांगशील, आणि या दृश्यात काय घडतं, यातला फरक दोन पानांत लिही. ती दोन पानं सरांना दाखव. तुझ्या चाळीस पानांनी जे झालं नाही ते बहुधा त्यांनी होईल.

मोबाइलवर बघते म्हणून संकोच नको. पण दोन गोष्टी सांभाळ. एक, इंटरनेटवरच्या जुन्या मराठी चित्रपटांच्या प्रती कधी कापलेल्या असतात, कधी चौकट वरखाली छाटलेली असते. कोणती प्रत बघितलीस आणि तिची लांबी किती, ते प्रकल्पात नोंदव, जशी पुस्तकाची आवृत्ती नोंदवतेस. दोन, निवडलेली दृश्यं एकदा तरी कॉलेजच्या प्रोजेक्टरवर लाव. सहा इंचांच्या पडद्यावर गर्दीतला माणूस दिसत नाही, आणि ‘सिंहासन’मध्ये गर्दीला अर्थ आहे. जमलं तर पुण्याची एक खेप कर. लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४पासूनचं. तिथल्या ग्रंथालयात जुनी नियतकालिकं, गाण्यांच्या पुस्तिका असं बरंच काही मिळतं. मुंबईच्या प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीच्या ‘वास्तव रूपवाणी’ या नियतकालिकाचे जुने अंकही शोध. मराठीत सिनेमावर गंभीरपणे लिहिणाऱ्यांची भाषा कानावर पडेल. नाहीतर आपल्याकडे एक तर परीक्षणाची भाषा, नाहीतर कौतुकाची.

बाबांना दिग्दर्शक नागराज मंजुळ्यांचं नाव सांगायचा मोह होईल. त्यांनी मराठीतच एम.ए. केलं, ‘फँड्री’च्या आधी त्यांचा ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ हा कवितासंग्रह आला, हे सगळं खरं आहे. पण त्यानं बाबांचं समाधान होणार नाही. त्यांच्या प्रश्नात सिनेमा कमी आणि नोकरीची काळजी जास्त आहे. नेट-सेटचा अभ्यास चालू आहे, आणि माध्यमांतर हा घटक आता अनेक विद्यापीठांच्या मराठीच्या अभ्यासक्रमात आहे, तो शिकवायला माणसं लागतात, एवढं सांग. आणि एकदा ‘सिंहासन’ त्यांच्यासोबत बघ. मंत्रालयातल्या राजकारणावर त्यांचं काही ना काही मत असणारच, ते ऐक आणि वहीत टिपून ठेव. हा चित्रपट एक राजकारण जाणणारा प्रेक्षक कसा वाचतो, ही माहितीही तुझ्या उपयोगाची आहे.

राहिली फिल्म इन्स्टिट्यूट. प्रभातच्या जुन्या आवारात १९६०पासून ही संस्था आहे. तिथे दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी शिकवतात, म्हणजे सिनेमा करायला शिकवतात. एवढ्या लांब पत्रात तुला सिनेमा करायचाय असं एक वाक्यही नाही. सिनेमा बघून तुला लिहायचंय. फिल्म इन्स्टिट्यूटचा विचार त्या दिवशीच्या वर्गातून निघून जायला आला असावा, असा माझा अंदाज आहे. तुझ्यासाठी तिथलीच दुसरी सोय बरी. चित्रपट रसास्वादाचे छोटे अभ्यासक्रम ही संस्था घेते, संग्रहालयाच्या साथीनं पुण्यात उन्हाळ्यात भरणारा रसास्वाद वर्ग तर पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यात शिक्षक, पत्रकार, साहित्याचे विद्यार्थी असे सगळेच असतात. सध्याची मुदत आणि शुल्क त्यांच्या संकेतस्थळावर बघ आणि प्रकल्प जमा केल्यावर अर्ज कर. त्याआधी या आठवड्यात विभागात जाऊन शीर्षक बदलून घे. पाच नावांचं शीर्षक एकदा नोंदलं गेलं की ते बदलायला फार हेलपाटे पडतात.